उष्णतारोधित अ‍ॅटिकचे झाकण आणि अडसराची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत खोलीचे छत व वरील उतरते छप्पर यांमधील पोकळीस ‘अ‍ॅटिक’ म्हणतात. आपल्याकडील माळ्याशी तिचे साम्य नावापुरतेच आहे. ही पोकळी बहुधा थंड व हवेशीर ठेवली जाते आणि तिच्या तळाशी काचतंतू किंवा सेल्युलोजचा जाड उष्णतारोधक थर असतो. या थराला छेद देणारी जागा म्हणजे वर जाण्याचे झाकण होय. तेथील ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’नुसार या मार्गाचे किमान माप २२ × ३० इंच असते. या झाकणाचा अडसर कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
समजा, १००० चौरस फूट छतावर आर-३८ दर्जाचा थर आहे आणि झाकण मात्र आर-१ इतक्या रोधाचे साधे प्लायवूड आहे. झाकणाचे क्षेत्रफळ छताच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी; तथापि छतातून वाहून जाणाऱ्या एकूण उष्णतेपैकी सुमारे १५ टक्के उष्णता एकट्या झाकणातून जाते. त्यावर फोमचे जाड तक्ते चिकटविल्यास हा दोष दूर होतो. परंतु कडेच्या फटीतून जाणारी हवा त्याने थांबत नाही.

घरात २० अंश व बाहेर उणे १० अंश सेल्सिअस तापमान असता उबदार हवा वर ढकलली जाते. समदाब पातळीपासून अडीच मीटर उंचीवरील झाकणावर हा दाब सुमारे ३.४ पास्कल भरतो. फटीतून गेलेली दमट हवा छपराच्या थंड फळ्यांवर दवरूपाने साचते. परिणामी बुरशी येते व लाकूड कुजते. म्हणून प्रश्न केवळ इंधनखर्चाचा नसून वास्तूच्या आयुष्याचाही आहे.

अडसराचे खरे कार्य :
वरील दाबामुळे झाकणावर पडणारे बल जेमतेम १.५ न्यूटन, म्हणजे दीडशे ग्रॅम वजनाइतके असते. अर्थात, हवेला तोंड देणे हे अडसराचे मुख्य काम नव्हे. कडेची लवचीक पट्टी सर्वत्र सारखी दाबणे, हे त्याचे काम होय. झाकणाचा परीघ २.६४ मीटर आहे. पट्टीस प्रतिमीटर ५० न्यूटन बल लागते असे गृहीत धरल्यास एकूण १३२ न्यूटन, म्हणजे साडेतेरा किलो वजनाइतके बल हवे. प्लायवूड व फोमच्या झाकणाचे स्वतःचे वजन याहून बरेच कमी असते. त्यामुळे नुसते टेकवलेले झाकण पुरेसे ठरत नाही.

अडसरांचे प्रकार :
१) सरकती कडी : ही झाकण धरून ठेवते, ओढून घेत नाही. पट्टी सैल पडताच फट उघडते.
२) दाबून उघडणारा स्प्रिंगचा खटका : बंद करताना झाकण थोडे अधिक दाबावे लागते व सोडताच ते मागे येते. त्यामुळे पट्टीवरील दाब घटतो.
३) चुंबकी पकड : हलक्या कपाटास योग्य, येथे तिचे बल अपुरे पडते.
४) आकडा व कुंडी : स्वस्त आहे, मात्र ओढ कुंडीच्या नेमक्या जागेवर अवलंबून असते.
५) फिरता कॅम-अडसर : सरकत्या खिडक्यांना असतो तसा. मूठ फिरवताच झाकण चौकटीकडे ओढले जाते. या कामासाठी हाच सर्वाधिक उपयुक्त होय.
६) ओढ-खटका : पत्र्याच्या पेटीला असतो तसा. ओढ उत्तम, काही प्रकारांत ती कमीअधिकही करता येते.

बसविताना घ्यावयाची दक्षता :
एकच अडसर मध्यभागी लावल्यास कोपरे उचलले जातात. म्हणून सुट्या झाकणास किमान दोन समोरासमोरच्या बाजूंना, आणि शक्यतो चारही बाजूंना अडसर द्यावेत. बिजागरीचे झाकण असल्यास बिजागरीसमोरील बाजूस दोन द्यावेत. स्क्रू जिप्समच्या तक्त्यात नव्हे, तर चौकटीच्या लाकडात बसवावेत.

निष्कर्ष :
अडसराची मजबुती नव्हे, तर त्याची ओढ हा निवडीचा निकष असावा. चाचणीही सोपी आहे. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ती चारही बाजूंनी ओढून पाहावी. जेथे ती सहज निघते, तेथे दाब अपुरा आहे. थंडीच्या दिवशी कडेजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर फटीकडे खेचला गेल्यास गळतीची खात्री पटते. हेच तत्त्व आपल्याकडील शीतगृहांच्या दारांनाही लागू पडते. तेथे उष्णता आत येऊ पाहते. परंतु पट्टी सर्व बाजूंनी सारखी दाबली जाण्याची आवश्यकता तीच राहते.