दुःखात भाव करता येत नाही

आपल्या भागात अंत्ययात्रेला 'माती' म्हणतात. 'मातीला जाऊन आलो,' असे हिंदू शेजारी सांगतो आणि 'मिट्टी देऊन आलो,' असे आमच्या मोहल्ल्यात म्हणतात. 'मयत' हा शब्द तर मूळचा अरबी, पण कुरखेड्यातल्या कोणत्याही घरात तो परका वाटत नाही. जाळणारे असोत, पुरणारे असोत, शेवटच्या कामाची भाषा आपण वाटून घेतली आहे. आज त्या कामातल्या पैशांविषयी आणि तक्रारीविषयी बोलायचे आहे. विषय नकोसा आहे, म्हणूनच त्यावर आधी बोललेले बरे.

गावात माणूस गेला तर हे काम धंदा नसते. कोणी बांबू तोडून आणतो, कोणी तिरडी बांधतो, कोणी तीन-चार क्विंटल लाकूड गोळा करतो. आमच्याकडे जमातीतली वडीलधारी मंडळी मयतीला गुस्ल देतात आणि तरुण पोरे कबर खोदतात. इथली शिस्त लोकलाजेची असते. काही चुकले तर म्हातारे माणूस तिथेच टोकते. अर्ज करावा लागत नाही.

पण मरण आता गावात राहिलेले नाही. कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून रुग्ण गडचिरोलीला, ब्रह्मपुरीला, कधी थेट नागपूरला जातो. तिथे त्याने डोळे मिटले की अनोळखी माणसांशी गाठ पडते. शववाहिका, बर्फाची पेटी, कफन, लाकूड, कागदपत्रे, प्रत्येक गोष्टीला पैसे. मध्यरात्री, दीडशे किलोमीटरवर, ओळखीचे कोणी नसताना.

हा व्यवहार इतर व्यवहारांसारखा नाही. बैल घेताना आपण चार बाजार फिरतो. इथे फिरायला वेळ नसतो. भाव करणे म्हणजे मृताचा अपमान, असे मनाला वाटते. शिवाय हे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, हे समोरच्याला ठाऊक असते. म्हणून ठरलेले भाडे अर्ध्या वाटेत वाढते आणि घरचे लोक मुकाट्याने देतात. सगळेच असे करतात असे नाही. डिझेलपुरते पैसे घेऊन रात्रभर गाडी हाकणारे चालकही आहेत. पण व्यवस्था माणसाच्या भलेपणावर सोडून भागत नाही.

इतर देशांनी यावर साधा उपाय काढला. अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधी करणाऱ्या संस्थेला प्रत्येक सेवेची किंमत वेगवेगळी लिहून दाखवावी लागते. न मागितलेली सेवा गळ्यात मारता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दरपत्रक दुकानात आणि संकेतस्थळावर लावणे बंधनकारक झाले. या नियमांनी किंमत ठरवून दिलेली नाही. ती आधी सांगा, एवढेच म्हटले आहे.

आपल्याकडे या सेवांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मृतांच्या हक्कांसाठी कायदा करावा आणि शववाहिकांच्या दरांवर मर्यादा घालावी, अशी शिफारस केली. तरी आपण अगदीच निराधार नाही. जगण्याच्या हक्कातली प्रतिष्ठा मृत्यूनंतर देहालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केले. मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने करोनाच्या सर्व मृतांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढले. आक्षेप येताच त्याच दिवशी ते बदलले. पुढे वांद्रे येथील कब्रस्तानाचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने दफन रोखायला नकार दिला. कोणाला तरी बोलावे लागले, तेव्हा हे घडले.

मग तक्रार कुठे करायची? चार दारे लक्षात ठेवा.

पहिले दार रुग्णालयाचे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही; केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट आहे. अडवणूक झाली तर वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी जा. सरकारी शवागारात कोणी हात पुढे केला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

दुसरे दार ग्राहक आयोगाचे. पैसे देऊन घेतलेली शववाहिका ही सेवाच आहे. २०१९ च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. पावती नसेल तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि मागितलेली रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवा.

तिसरे दार ग्रामपंचायतीचे किंवा नगरपंचायतीचे. दहनभूमी आणि दफनभूमी ही त्यांची कामे आहेत. शेड नाही, पावसाळ्यात वाट नाही, पाणी नाही, या तक्रारी नशिबाच्या नव्हेत, त्यांच्या दप्तरातल्या आहेत.

चौथे दार दाखल्याचे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीप्रमाणे नोंदीनंतर सात दिवसांत पहिला दाखला मोफत मिळाला पाहिजे. मृत्यूचे कारण लिहून देण्यासाठी डॉक्टरनेही पैसे घ्यायचे नाहीत. दाखला अडला की विधवेचे निवृत्तिवेतन, विमा, सातबाऱ्यावरचा फेरफार, सारेच अडते. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

आणि जिथे सेवाच नाही, तिथे? सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात आईबाप दोन लेकरांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चालत निघाले, ते चित्र साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. जादा भाडे घेणाऱ्याविरुद्ध तक्रार होते, तशी नसलेल्या गाडीविषयीही झाली पाहिजे. ओडिशात २०१६ साली असेच एक दृश्य देशाने पाहिले. त्याच वर्षी त्या राज्याने 'महाप्रयाण' ही मोफत शववाहिकेची योजना सुरू केली.

अनेकजण म्हणतात, 'माणूस गेला, आता भांडून काय करायचे?' मला हे पटत नाही. गेलेल्यासाठी आपण दुवा मागतो, पिंड ठेवतो, गोंड बांधव आपल्या रीतीने पूर्वजांना पुजतात. लेखी तक्रार उद्या जाणाऱ्यासाठी असते. रडून झाल्यावर, महिन्याने का होईना, ती करावी आणि पोच घ्यावी.

त्याआधी एक काम मात्र शोक नसतानाच उरकता येते. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: रुग्णालयाच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर एक फलक लावावा. शववाहिकेचा किलोमीटरचा दर, सरणाच्या लाकडाचा दर, मोफत काय मिळते आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे त्यावर ठळक अक्षरांत असावे. मराठीत आणि गोंडीतही. ज्याच्या घरी मयत झाली आहे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याच्या वतीने भिंतीने बोलावे.