कॉम्प्युटर खपला, पण पैसा कुणाला सुटला?

मंडळी, मघाशी चहा घेताना एका तरुणाने मला विचारलं, "सर, आता घरोघरी कॉम्प्युटर आलेत. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचा शेअर ठेवून द्यायला काय हरकत आहे?" त्याचे उसाच्या बिलाचे पैसे त्यात अडकलेत. म्हणून आज त्यावरच बोलू.

माल खपणं वेगळं आणि बनवणाऱ्याला पैसा सुटणं वेगळं. श्रीगोंदा तालुक्यातल्या कांदेवाल्यांना हे मी काय सांगणार?

1981 साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्यात प्रोसेसर इंटेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. या दोन्ही गोष्टी इतरांनाही विकत मिळत होत्या. मग कॉम्पॅकने तसाच पीसी काढला, पुढे डेल आली. सगळ्यांची पेटी सारखीच म्हटल्यावर गिऱ्हाईक किंमतच बघणार! बनवणारे एकमेकांचे भाव पाडत राहिले. पेटी कुणाचीही खपो, इंटेल-मायक्रोसॉफ्टचा वाटा मात्र बहुतेक पेट्यांमागे ठरलेला. शेवटी 2005 मध्ये आयबीएमने हा धंदा चीनच्या लेनोवोला विकून टाकला.

आपल्याकडे काय झालं? मुंबईची झेनिथ, शिवाय एचसीएल, विप्रो असे देशी पीसी होते. 1997 मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटरवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. परदेशी कंपन्या थेट अंगणात उतरल्या. 2013 मध्ये विप्रोने पीसी बनवणं थांबवलं. पण विप्रोचा मुख्य धंदा सॉफ्टवेअर सेवांचा होता, त्यामुळे कंपनी उभी राहिली. ज्याचं सगळं पोट पीसीवरच, त्याला असा आधार नसतो.

तेव्हा शेअर ठेवायचा का, हे ठरवताना तीन गोष्टी तपासा. एक, या कंपनीकडे असं काय आहे जे दुसऱ्याला विकत घेता येत नाही? ॲपलची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःची आहे, म्हणून तिला किंमत धरून ठेवता येते. दोन, शंभर रुपयांच्या विक्रीत उरतात किती? चारच उरत असतील आणि स्पर्धकाने भाव पाच टक्क्यांनी उतरवला, तर तेवढा भाव उतरवताना तुमची कंपनी तोट्यात जाईल. तीन, गोदामात माल किती पडून आहे? सुटे भाग स्वस्त होत जातात, नवं मॉडेल येतं. पडून राहिलेल्या मालाची किंमत उतरते. डेलने आधी ऑर्डर, मग जोडणी, ही पद्धत धरली ती याचसाठी.

आणि एक. काष्टीच्या बाजारात बैल विकायला नेला, तर गिऱ्हाईक विचारतं का, "तुम्ही कितीला घेतला होता?" तो दात बघतो, चाल बघतो. शेअरचंही तसंच. "घेतलेल्या भावाला येऊ दे, मग विकतो," हा हिशेब नव्हे, ही आशा झाली.

म्हणून त्या तरुणाला मी ठेव किंवा विक असं सांगणार नाही. कंपनीचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढून बस. विक्री वाढतेय आणि शंभरामागे उरणारे पैसे दरवर्षी घटतायत, असं दिसलं, तर उत्तर तुझं तुलाच मिळेल.