दोन नांगर, एक चिखल

जून लागला की भाईंदरजवळच्या धारावी बेटावर एक नांगर विसावतो आणि दुसरा कामाला लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. उत्तन-पालीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि त्यांचे लोखंडी नांगर दोराच्या वेटोळ्यांशेजारी पडून असतात. त्याच दिवसांत भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मुर्धा, राई, मोर्वा या गावांत उरल्यासुरल्या भातखाचरांत नांगरणी सुरू होते. शेतातलाही नांगर, पाण्यातलाही नांगर. हे एकच नाव दोघांना कसं मिळालं, हे समजायचं तर दोघांनाही काम करताना पाहायला हवं.

होडीचा नांगर फेकत नाहीत, सोडतात. उत्तनला होडी प्रवाहाकडे तोंड करून थांबली, की नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा असलेला खलाशी नांगर हळूहळू पाण्यात उतरवतो. नांगर तळाला टेकल्यावर होडी मागे सरकू लागते आणि दोर हातातून सुटत जातो. मग दोर बांधून खलाशी त्यावर नुसता तळहात ठेवतो. दोर थरथरला तर नांगर तळावरून घसरतोय. ताणला जाऊन शांत राहिला, तर तो चिखलात रुतला. वीस हात खाली काय चाललंय, ते डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतं.

होडी धरून ठेवतो तो नांगराचा भार, असं काठावरून वाटतं. खरं तर धरतो चिखल. ओढ आडवी असेल तर नांगराचे दात खोल जातात, उभी झाली की निसटतात. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट सोडावा लागतो. पाच मीटर पाण्यात पंचवीस मीटर दोर सोडला तर तो पाचपट झाला. पण इथे उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी चार मीटरहून अधिक चढतं. खोली नऊ मीटर झाली, की तोच दोर तिपटीलाही पुरत नाही. जाणता नाखवा दोर मोजतो तो समोर दिसणाऱ्या पाण्यावरून नव्हे, येणाऱ्या भरतीवरून. नांगर काढताना हेच उलटं करायचं. होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणायची आणि दोर सरळ वर खेचायचा.

मुर्ध्यात आता बैल जवळजवळ दिसत नाहीत, पॉवर टिलर आला आहे. पण एका घराच्या पडवीत जुना लाकडी नांगर अजून जपून ठेवलेला आहे. घरातल्या आजोबांनी तो उतरवून दाखवला. हाळीस म्हणजे लांब दांडा, रुमणं म्हणजे हातात धरायची मूठ, आणि लोखंडी फाळ. बैलांचं जू हाळसावर पुढे-मागे बांधून ओढीचा कोन कसा बदलायचा आणि फाळ किती खोल जाईल ते कसं ठरवायचं, हे त्यांनी हातानेच करून दाखवलं. रुमण्यावर तळहात दाबून ते म्हणाले, "जमीन कशी आहे, ते इथं समजतं."

शेतातल्या नांगराचं मूळ संस्कृत ‘लांगल’. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या शेतीच्या सूक्तात हा शब्द आहे, आणि अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो त्याही आधी मुंडा-ख्मेर कुळातल्या भाषांमधून आला. मराठीत येता येता आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ झाला, जसा ‘ललाट’चा ‘निढळ’ झाला. होडीचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’. इ.स. ९१५च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी कोकणातल्या चौल बंदरात आला, तेव्हा तिथे पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांची भरभराटीची वस्ती होती. समुद्रापलीकडच्या त्या व्यापाराबरोबरच फारसी ‘नाखुदा’ आपला नाखवा झाला आणि अरबी ‘सुक्कान’चं सुकाणू झालं. ‘लंगर’ किनाऱ्याला लागला तेव्हा मराठीच्या तोंडात ‘नांगर’ आधीच रुळलेला असावा. नवा शब्द त्यात सहज मिसळून गेला.

नुसत्या ध्वनीच्या सारखेपणावर असं नातं टिकलं नसतं. दोन्ही अवजारं जमिनीत किती घुसतील ते ओढीचा कोनच ठरवतो, आणि दोन्हींची पकड माणूस तळहाताने ओळखतो. जेफ्री इन्ग्राम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ साली होड्यांसाठी नवा नांगर घडवला, तोही शेतातल्या फाळाच्या आकाराचा. चिखलात रुतण्यासाठी त्यालाही फाळाचाच आकार योग्य वाटला.

कोश आपल्याला दोन व्युत्पत्ती देतो. त्या एका शब्दात नांदण्याचं कारण मात्र दोर आणि रुमणं धरलेल्या माणसांकडे आहे. मुर्ध्याची खाचरं आणि मिठागरं आक्रसत चालली आहेत. हाळीस कशाला म्हणतात आणि नाळ कशाला, हे दाखवून सांगणारी माणसं आज गावात आहेत. इथल्या शाळांनी मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावं आणि प्रत्येक शब्द त्याच्या अवजारासह, चित्र काढून उतरवून घ्यावा. अवजार हाती धरून शिकलेला शब्द माणूस विसरत नाही.