एका पेल्याचे गणित

चैत्र लागला की आपल्याकडे रस्त्याच्या कडेला पाणपोया सुरू होतात. कडुलिंबाखाली छोटासा मांडव, वाळूत अर्धे रोवलेले रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले गोणपाट, वर लाकडी झाकण आणि झाकणाजवळ साखळीने बांधलेला पेला. (साखळी कशासाठी, हे विचारू नये.) परभणी जिल्ह्यातून आलेल्या माझ्यासारख्या मुलाने हे चित्र लहानपणापासून इतके पाहिलेले असते की त्याकडे नीट बघायचे राहूनच जाते. दोन दिवसांचा प्रवास करून डेहराडूनला शिकायला आल्यावर मला पाणपोईविषयी दोन प्रश्न पडले. माठातले पाणी गार कसे होते, हा पहिला. ज्याला आपण ओळखत नाही आणि जो पुन्हा कधी भेटणारही नाही, त्याला कोणी पाणी का पाजतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नववीच्या विज्ञानात आहे. दुसरा प्रश्न कोणत्या विषयात बसतो हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आधी सोपा प्रश्न घेतो. माठाची भाजलेली माती वरून घट्ट दिसते, पण तिच्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू झिरपून बाहेरच्या अंगावर येते आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती माठाकडून, म्हणजे आतल्या पाण्याकडून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. एका रात्री प्रेपच्या वेळी मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. माठात १० लिटर पाणी आहे आणि ते ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणायचे आहे. त्यासाठी १ लाख कॅलरी बाहेर जायला हव्यात. १ लाखाला ५८० ने भागले की १७२ ग्रॅम येतात. म्हणजे जेमतेम एक पेला पाणी उडून जाते आणि पन्नास पेले पाणी गार होते. बाहेरच्या हवेतून आत येणारी उष्णता धरली तर थोडे जास्त उडावे लागेल, पण तरीही हा आकडा पाहून मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो.

हवा कोरडी असेल तरच हे जमते. मे महिन्यात मुंबईला मामाकडे माठातले पाणी कोमटाहून जरासे बरे एवढेच लागते, आणि आमच्याकडे त्याच दिवशी दात आंबतात. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की माठावरच्या पाण्याला जायला जागाच नसते. म्हणून माठ सावलीत पण वाऱ्यावर ठेवायचा, खाली तिवई द्यायची आणि आतून साबणाने कधीही घासायचा नाही, नाहीतर छिद्रे बुजतात. फौजेलाही ही युक्ती ठाऊक होती. जुन्या पाण्याच्या बाटलीला जाड लोकरी कापडाचे आवरण असे आणि ते भिजवले की बाटली गार राही. जीपच्या बाजूला लटकणारी कॅनव्हासची छागल हा तर चालता फिरता माठच.

आता दुसरा प्रश्न. उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी जूनमध्ये परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला येतो आणि तिथून पुढे डेहराडूनला. ही गाडी नांदेड ते अमृतसर धावते, म्हणजे हुजूर साहिब ते हरमंदिर साहिब. या गाडीच्या प्रवाशांना वाटेत काही स्टेशनांवर लंगरचे जेवण मिळते. आमच्या परभणीला मिळते, जालन्याला मिळते, पुढे भोपाळला आणि दिल्लीलाही मिळते. नेहमीचे प्रवासी घरून डबा भरून आणत नाहीत, रिकामा आणतात. गाडी थांबली की बादल्या घेऊन सेवेकरी धावतात. खिडकीतून डबा पुढे करायचा, त्यात डाळ-भात किंवा कढी पडते. तिकीट कोणी विचारत नाही, धर्म कोणी विचारत नाही, नावही कोणी विचारत नाही. मध्य प्रदेशातल्या एका लहान स्टेशनावर तर ४४ अंशांच्या उन्हात दोन म्हातारे गृहस्थ डब्याडब्याशी जाऊन बाटल्यांमध्ये पाणी ओतत होते. माझी बाटली भरली आणि गाडी हलली. मी 'धन्यवाद' म्हणायला तोंड उघडले तेव्हा ते मागच्या खिडकीपाशी होते. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही. त्यांचे लक्ष बाटलीच्या तोंडाकडे होते, कारण हलत्या गाडीत पाणी सांडू न देणे हे सोपे काम नाही.

ते आभार माझ्याकडेच राहिले. मला वाटते पाणपोईची हीच गंमत आहे. शेजाऱ्याने साखर दिली तर आपण वाटीत काहीतरी घालून वाटी परत करतो. इथे वाटी परत करायला माणूसच सापडत नाही.

ही रीत कोणा एकाची नाही. गुरू अर्जनदेवांना १६०६ मध्ये लाहोरला ऐन उन्हाळ्यात तापलेल्या तव्यावर बसवून छळले गेले. त्यांच्या शहीद दिनी शीख लोक रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड, थंड दुधाचे सरबत पाजतात. त्याला छबील म्हणतात. आमच्या शाळेजवळच्या रस्त्यावरही दरवर्षी ती लागते आणि त्या दिवशी आऊटपास मिळालेले कॅडेट फार भाविक होतात. करबलाच्या मैदानात पाणी तोडले गेले त्याची आठवण म्हणून मुहर्रममध्ये सबील लावतात. आपल्याकडे एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा तर आजीने मला भात भरवताना सांगितलेली आहे. यात एक सारखेपणा दिसतो. ज्यांनी तहान भोगली किंवा पाहिली, त्यांच्या आठवणीतून पाणी पाजण्याची रीत सुरू होते.

पण सगळे गोडच आहे असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पाणी उंचावरून ओंजळीत ओतण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी प्रेमापोटी आलेली नव्हती. पिणाऱ्याचा स्पर्श भांड्याला होऊ नये, हेही त्यामागे असे. याच देशात माणसांना सार्वजनिक तळ्यावर पाणी पिऊ दिले जात नव्हते. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्या दिवशी कोणी कोणाला पाणी पाजले नाही, हजारो माणसांनी आपल्या हक्काचे पाणी आपल्या हाताने घेतले. म्हणून पाणपोई बघताना मी आता पेल्याकडेही बघतो. सगळ्यांना एकच पेला असेल, तर ती खरी पाणपोई.

आमच्यासारख्यांसाठी मात्र सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. आम्ही इथे लढायला शिकायला आलो आहोत. एकदा दिवे गेल्यावर आमच्या डॉर्मिटरीत वाद झाला होता की शत्रूवर दया करणारा सैनिक लढणार कसा. नेमका हाच वाद तीनशे वर्षांपूर्वी आनंदपूर साहिबला झाला होता. १७०४-०५ च्या सुमारास तिथे लढाया चालू असताना भाई कन्हैया पखाल घेऊन रणांगणावर फिरत आणि जखमींना पाणी पाजत. आपलेही आणि शत्रूचेही. काही शिखांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली की आम्ही ज्यांना कष्टाने पाडतो त्यांना हा पाणी पाजून पुन्हा उभे करतो. मला ही तक्रार मूर्खपणाची वाटत नाही. मी तिथे असतो तर बहुधा तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत असतो. गुरूंनी कन्हैयांना बोलावून विचारले तेव्हा ते म्हणाले की मला प्रत्येक चेहऱ्यात तुमचाच चेहरा दिसतो. परंपरा सांगते की गुरूंनी त्यांना शिक्षा केली नाही, उलट मलम दिले आणि जखमाही बांधत जा म्हणून सांगितले. लक्षात घ्या, गुरू गोविंदसिंगांनी लढाई थांबवली नाही. लढणारे लढत राहिले आणि पखालवाला पाणी पाजत राहिला.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, २४ जून १८५९ रोजी, इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. एका दिवसात सुमारे ४० हजार सैनिक मेले किंवा जखमी झाले. हेन्री द्युनां नावाचा स्वित्झर्लंडचा एक व्यापारी आपल्या कामासाठी त्या भागात आला होता, तो कास्तिल्योने गावच्या चर्चमध्ये जखमींची सेवा करायला थांबला. गावातल्या बायका कोणत्या बाजूचा सैनिक हे न पाहता मलमपट्टी करत होत्या आणि 'सगळे भाऊच' असे म्हणत होत्या. गावातली पोरे झऱ्यावरून बादल्या आणि बाटल्या भरून पाणी आणत होती. पोरांचा उल्लेख मला विशेष आवडतो, कारण इतिहासात आमच्या वयाच्या मुलांना फारसे काम मिळत नाही. द्युनांने हे सारे पुस्तकात लिहिले, त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांना पुरेसे पिण्याचे पाणी दिलेच पाहिजे, असे स्पष्ट कलम आहे. भारताने १९५० मध्ये तो मान्य केला. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाल्यावर सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले. त्यांच्या रोजच्या पाण्याची जबाबदारी आपल्या फौजेवर होती. म्हणजे पाणी पाजणे हा सैनिकाच्या मनाचा हळवेपणा नाही, तो त्याच्या नियमपुस्तकाचा भाग आहे. डॉर्मिटरीतला वाद मी या मुद्द्यावर जिंकला, असे माझे मत आहे. समोरच्याचे मत वेगळे आहे.

आमच्या डेहराडूनपासून साधारण ५० किलोमीटरवर, यमुनेच्या काठी काल्सी येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तो पाहिला. पांढरट दगड, बाजूला रेषांनी कोरलेला एक सुंदर हत्ती. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, त्याचा पश्चात्ताप याच दगडावर कोरलेला आहे. आणि त्याच दगडावर, माणसांसाठी व जनावरांसाठी रस्त्यांच्या कडेला विहिरी खोदल्या आणि झाडे लावली, हेही कोरलेले आहे. जिंकलेल्या राजाने विहिरींची नोंद दगडावर ठेवावी, याचे मला फार नवल वाटले.

मागच्या एप्रिलमध्ये आमचा मसुरीच्या पायथ्याच्या डोंगरात रूट मार्च होता. परतीच्या चढावर आमच्या तुकडीच्या बाटल्या संपल्या. एका घराच्या अंगणात एक आजी बसल्या होत्या. आम्ही काही मागण्याआधीच त्या उठल्या आणि पितळेची घागर पुढे ओढली. आम्ही अकरा जण. एक घागर संपली आणि दुसरी निम्मी झाली. मग लक्षात आले की अंगणात नळ नाही. हे पाणी त्यांनी खालच्या धाऱ्यावरून, म्हणजे डोंगरातल्या झऱ्यावरून, डोक्यावर आणले होते. बावीस लिटर पाणी म्हणजे बावीस किलो वजन आणि वर चढ. आम्ही घागरी भरून आणतो म्हणालो तर त्या 'रहने दो बेटा' म्हणाल्या. आम्ही ऐकत नाही हे पाहिल्यावर मात्र त्यांनी नीट वाट सांगितली की वरच्या धाऱ्याला जाऊ नका, तो आटलाय, खालच्याला जा.

खालच्या धाऱ्याची धार करंगळीएवढी होती. दगडाच्या फटीत कोणीतरी एक रुंद पान दुमडून खोचले होते, म्हणजे पाणी दगडावरून पसरत न जाता नीट भांड्यात पडावे. त्या पानावरून ऊन चमकत होते आणि पाणी काचेच्या कांडीसारखे खाली उतरत होते. एक घागर भरायला बारा मिनिटे लागली, मी घड्याळ लावले होते. पान एका कडेने सुकत आले होते. निघताना आमच्यातल्या एकाने वरच्या झुडपाचे नवे पान तोडून तिथे लावले.

या वर्षी हाऊसमास्तरांच्या परवानगीने आम्ही शाळेच्या मागच्या फाटकाबाहेर आंब्याखाली दोन माठ ठेवले आहेत. पीटी झाल्यावर दोघांनी भरायचे, अशी पाळी लावली आहे. तिथून बांधकामावरचे मजूर, भाजीवाल्या, सायकलवर गॅस सिलिंडर नेणारा माणूस असे बरेच जण जातात. दुपारी जेवणानंतर पाहावे तर दोन्ही माठ रिकामे असतात. कोण प्यायले ते आम्हाला दिसत नाही, कारण तेव्हा आम्ही वर्गात असतो. पेला एकच आहे आणि त्याला साखळी नाही. अजून तरी तो गेलेला नाही. जुलैत पाऊस सुरू झाला की माठ आत उचलून ठेवायचे आहेत, कारण दमट हवेत ते गार होणार नाहीत. डावीकडचा माठ वाऱ्यावर आहे, त्याचे पाणी जास्त गार असते. उजवीकडचा नवा आहे, पहिले दोन दिवस त्याच्या पाण्याला मातीचा वास येईल.