खजुराची पेटी आणि शेवटचा एक किलोमीटर

रमजानमध्ये असरची नमाज झाली की लोणावळ्याच्या बाजारात हमखास दिसणारे एक दृश्य आहे. खजुराच्या पेट्या घेऊन आलेला टेम्पो दुकानासमोर उभा असतो आणि त्याच्यामागे रिक्षा, पर्यटकांच्या गाड्या, दुचाक्या अडकून हॉर्न वाजवत असतात. परवा अशाच कोंडीत मीही होतो. टेम्पोचालक रोजेदार होता, दुपारी वाशीच्या घाऊक बाजारातून निघालेला. म्हणाला, "सर, घाट चढायला त्रास नाही झाला. बाजारातला हा शेवटचा एक किलोमीटरच संपत नाही."

त्याच्या या वाक्यात आपल्या गावाचा सगळा भूगोल आला. मालाची ही अडचण इथे जुनीच आहे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 मध्ये. तोवर माल बैलांच्या पाठीवरून वर येई. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली, पण घाटात रूळ नव्हते. 1863 मध्ये ते जोडले जाईपर्यंत खोपोलीला माल उतरवायचा, रस्त्याने वर आणायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत चढवायचा, असा खटाटोप होता. आजही कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, कारण चढ 37 फुटांमागे एक फूट इतका खडा आहे.

रेल्वेमुळे लोणावळा वाढले, पण वाढले ते लांबट. रेल्वेमार्ग आणि जुना महामार्ग यांच्या आधाराने वस्ती पसरत गेली. एकीकडे घाटाचा कडा, दुसरीकडे डोंगर आणि धरणांचे पाणी, त्यामुळे रुंदीला वाव कमी. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याचे कंटेनर गावाबाहेरून जाऊ लागले. पण ज्या मालाला गावातच उतरायचे आहे, त्याला बायपास कुठला? शिवाय द्रुतगती मार्गावर तीनचाकींना बंदी. त्यामुळे कामशेत, वडगावकडून येणारा छोटा टेम्पो जुन्या महामार्गानेच येतो, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या रांगेत सापडतो.

पूर्वीच्या शहरांनी यावर सराईचा उपाय काढला होता. काफिला वेशीजवळच्या सराईत थांबे; तिथून हमाल आणि हातगाड्या माल बाजारात नेत. मुंबईने कांदा-बटाटा आणि फळांचे घाऊक बाजार वाशीला हलवले, त्यामागेही हाच विचार होता : मोठे वाहन दाट वस्तीत शिरू नये. आपल्याला एवढे मोठे काही नको. बाजाराच्या तोंडाशी माल उतरवण्यापुरती मोकळी जागा आणि ठरलेली वेळ, एवढे पुरेल.

वेळेचे उत्तर तर रमजानच सुचवतो. फजरनंतर बाजार रिकामा असतो. तेव्हा माल उतरला तर कुणाची वाट अडत नाही. अडचण आहेच : पहाटे दुकान उघडणार कोण, हमालांची जादा मजुरी देणार कोण? रात्री तरावीह, मग सहेरी. त्यानंतर दुकानदाराला डुलकी हवीच. म्हणून हे एकट्याने होणार नाही. पाच-दहा दुकानदारांनी मिळून पाळी लावली, किराणावाले आणि चिक्कीवालेही सामील झाले, तर खर्च वाटला जाईल. हा प्रश्न फक्त खजुराचा नाही. गणपतीत आणि दिवाळीतही हीच कोंडी असते.

वाटेतला अडथळा दूर करणे हाही सदकाच आहे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. आपण त्याचा अर्थ दगड-काटे उचलण्यापुरता घेतो. भर बाजारात उभा टेम्पो हाही अडथळाच, आणि त्याचा दोष एकट्या चालकाचा नाही.

त्या दिवशी शेवटची पेटी उतरेपर्यंत मगरिबची अजान झाली. शेजारच्या दुकानदाराने पाण्याची बाटली पुढे केली. चालकाने स्वतः आणलेल्या खजुरांपैकी एकाने, स्टिअरिंगवर बसूनच रोजा सोडला.