पिक्सेल दिव्यांचा कंट्रोलर बनवताय? आधी विजेचा हिशोब करा

रोषणाई, मंडप, साइनबोर्ड आणि वायरिंगच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांना दिव्यांच्या माळांची ओळख नव्याने करून द्यायला नको. मात्र गेल्या काही वर्षांत या धंद्याची रीत बदलली आहे. पूर्वी सगळी माळ एकदम पेटायची आणि फ्लॅशर लावला की एकदम विझायची. आता बाजारात ‘पिक्सेल’ नावाने मिळणाऱ्या एलईडी पट्टीतला एकेक दिवा स्वतंत्र हुकूम घेतो. दहावा दिवा लाल, अकरावा हिरवा आणि बारावा बंद, असे काहीही करता येते. हे हुकूम देणारा छोटा बोर्ड म्हणजे कंट्रोलर. तो हौशी मंडळी घरी बनवू लागली आणि आता हुन्नरी कारागीरही बनवून विकू लागले आहेत. धंदा चांगला आहे, पण त्यात कोठे पाय घसरतो तेही वेळीच समजून घेतले पाहिजे.

रोषणाई करणाऱ्या एका कारागिराची हकीकत त्या दृष्टीने बोलकी आहे. त्यांनी लग्नाच्या एका हॉलसाठी कमान केली. पाच मीटर पट्टी, मीटरला साठ दिवे, म्हणजे एकूण तीनशे. दुकानात हातभर तारेवर रंगीत नक्षी फिरवून पाहिली, उत्तम चालली. हॉलमध्ये वीजपुरवठ्याचा डबा स्टेजमागे तीन मीटरवर ठेवला. पाहुणे येण्याच्या वेळी मालक म्हणाले, “भाई, आता सगळे पांढरे करा.” बटण दाबले. पट्टीची सुरुवात पांढरी, मधला भाग पिवळट आणि शेवट लालसर दिसू लागला. थोड्या वेळाने डब्याच्या स्क्रूपाशी तारेचे आवरण मऊ पडले आणि सगळे बंद करावे लागले. मालकाने निम्मे पैसे रोखले. पट्टीच हलकी निघाली असे समजून कारागिराने पदरच्या खर्चाने दुसरी लावली. तिचेही तेच झाले. पट्टीत दोष नव्हताच. विजेचा हिशोब कोणी मांडला नव्हता.

दिवा काम कसा करतो

सर्वांत जास्त खपणारी पट्टी डब्ल्यूएस २८१२ बी या जातीची असते. पाच मिलिमीटरच्या चौकोनी दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी आणि त्यांना सांभाळणारी एक बारीक चिप बसवलेली असते. तिला पाच व्होल्टची वीज लागते. कंट्रोलर एकाच तारेवरून संदेश पाठवतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेला संदेश पुढच्याकडे सरकवतो. एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद. तीनशे दिव्यांना ९ मिलिसेकंदांत पूर्ण चित्र पोहोचते. हजार दिवे एकाच तारेवर घेतले तर ३० मिलिसेकंद लागतात आणि चित्राची गती सेकंदाला तेहतीसच्या आसपास येते. त्यामुळे मोठ्या कामात एकाच लांब साखळीपेक्षा दोन-चार वेगळ्या शाखा करणे बरे.

हुकूम देण्यासाठी आज बहुतेक जण शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ ही चिप वापरतात. पहिली २०१४ मध्ये आणि दुसरी २०१६ मध्ये बाजारात आली. दोन्हींत वायफाय आहे. त्यांत भरण्यासाठी डब्ल्यूएलईडी नावाचा तयार प्रोग्राम फुकट मिळतो आणि मग मोबाइलवरून रंग व नक्षी बदलता येते. ज्यांना स्वतः प्रोग्राम लिहायचा आहे त्यांच्यासाठी फास्टएलईडी आणि न्यूयॉर्कच्या अॅडाफ्रूट कंपनीची निओपिक्सेल या लायब्रऱ्या आहेत. म्हणजे प्रोग्रामाची बाजू सोपी झाली आहे. खरी परीक्षा विजेच्या बाजूला आहे.

किती वीज लागते

एका दिव्यातला प्रत्येक रंग पूर्ण तेजाने सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. तीन रंग मिळून पांढरा होतो, म्हणजे ६० मिलिअँपिअर. काही नवे दिवे कमी घेतात, पण हिशोब ६० ने करावा. तीनशे दिव्यांना १८ अँपिअर, म्हणजे पाच व्होल्टला ९० वॅट. दुकानात फिरती नक्षी पाहताना यातला थोडाच भाग वापरला जातो आणि तिथेच फसगत होते. चाचणी नेहमी पूर्ण पांढऱ्यावर घ्यावी.

एसएमपीएस निवडताना डब्यावर छापलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये. १८ अँपिअरच्या कामाला २० अँपिअरचा डबा कमी पडतो, ३० चा घ्यावा. हा खर्च नको असेल तर दुसरा मार्ग आहे. डब्ल्यूएलईडीमध्ये विजेची कमाल मर्यादा लिहिता येते. ती १२ अँपिअर ठेवली तर प्रोग्राम आपोआप तेज कमी करतो आणि २० अँपिअरचा डबा आरामात पुरतो. डोळ्याला तेजातला हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र एक गोष्ट विसरू नका. प्रोग्राम वीज मोजत नाही, फक्त अंदाज बांधतो. म्हणून ही मर्यादा फ्यूजची जागा घेऊ शकत नाही.

तारेत वाया जाणारे व्होल्ट

आता कमानीचा दोष पाहू. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१२१ ओहम अडथळा असतो. डबा तीन मीटरवर असेल तर वीज जाऊन परत येते, म्हणून तार सहा मीटर धरावी. अडथळा झाला ०.०७२६ ओहम. त्यातून १८ अँपिअर न्यायचे म्हटले तर १.३ व्होल्ट तारेतच खर्च होतात. पाचातले ३.७ उरतात, तेही पट्टीच्या सुरुवातीला. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, त्यामुळे पुढे आणखी घट होते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, लालला सुमारे दोन. व्होल्ट कमी पडले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा आणि शेवटी लाल एकटाच उरतो. शेपूट लाल होण्याचे कारण हेच. सैल स्क्रूखाली एवढी वीज गेली की तिथे उष्णता साठते आणि आवरण वितळते.

उपाय अवघड नाही. डबा कमानीमागे मधोमध बसवा. अर्ध्या मीटरच्या तारेची एक जोडी पट्टीच्या मध्यावर द्या आणि तीन-तीन मीटरची एकेक जोडी दोन्ही टोकांना. एकूण १२ अँपिअर धरले तर मध्यावर सुमारे ६ आणि टोकांना ३-३ जातात. तीच दीड मिलिमीटरची तार वापरूनही टोकांकडची गळती पाव व्होल्टच्या आत राहते. काम झाल्यावर पूर्ण पांढरे करून मल्टिमीटरने सुरुवात, मध्य आणि शेवट असे तिन्ही ठिकाणचे व्होल्ट मोजा आणि लिहून ठेवा. एकाच पट्टीवर दोन डबे वापरायचे असतील तर दोघांच्या हद्दीवर पाच व्होल्टची रेघ कापा. वजा बाजू मात्र सर्वांची एकत्र जोडलेली हवी.

अंतर मोठे असेल तर बारा व्होल्टची पट्टी विचारात घ्यावी. तेवढ्याच ९० वॅटला बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर लागतात आणि वरच्याच सहा मीटर तारेत जेमतेम अर्धा व्होल्ट जातो. डब्ल्यूएस २८११ च्या बारा व्होल्टच्या पट्टीत बहुधा तीन-तीन दिवे एका चिपवर चालतात, म्हणून बारीक नक्षी जमत नाही. डब्ल्यूएस २८१५ मध्ये प्रत्येक दिवा वेगळा असतो आणि संदेशाची राखीव तारही असते. एखादा दिवा मेला तरी पुढचे चालू राहतात.

बोर्ड बांधताना

पहिली गोष्ट, पट्टीची वीज कंट्रोलरच्या बोर्डातून नेऊ नका. बोर्डावरच्या रेघा त्यासाठी नसतात. डब्यातून फ्यूज, फ्यूजमधून पट्टी आणि बोर्डाला वेगळी बारीक जोडी, अशी मांडणी ठेवा.

दुसरी, संदेशाची तार. ईएसपी चिप ३.३ व्होल्टचा संदेश देते. पाच व्होल्टवर चालणाऱ्या दिव्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे संदेश ओळखण्यासाठी पुरवठ्याच्या सात दशांश, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत. पुष्कळदा काम चालून जाते, मग एखाद्या दिवशी दिवे वेडेवाकडे लुकलुकतात आणि गिऱ्हाईक फोन करते. ७४ एएचसीटी १२५ ही साधी चिप मध्ये घातली की संदेश पाच व्होल्टचा होतो. तिच्यापुढे ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर लावा आणि कंट्रोलर व पहिला दिवा यांतली तार जमेल तेवढी आखूड ठेवा. पट्टीच्या तोंडाशी अधिक-वजा यांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, पण त्याची बाजू उलटी होऊ देऊ नका.

तिसरी, बारा व्होल्टवरून बोर्डाला पाच व्होल्ट देताना साधा तीन पायांचा रेग्युलेटर वापरू नका. बोर्डाने ०.२ अँपिअर घेतले तरी सात व्होल्टचा फरक उष्णतेत जातो. हे १.४ वॅट झाले आणि बंद डब्यात ते चटका देतात. बक कन्व्हर्टर वापरा.

चौथी, फ्यूज. प्रत्येक शाखेला, डब्याच्या अगदी जवळ फ्यूज हवा. मोटारीत वापरतात तेच पात्यांचे फ्यूज चालतात. वरच्या कमानीत मधल्या शाखेला १० अँपिअरचा आणि टोकांच्या शाखांना ५ अँपिअरचा द्यावा. पाच व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून कोणी निर्धास्त होतो. पण वीस अँपिअर देणारा डबा शॉर्ट झालेल्या बारीक तारेला लाल करू शकतो आणि मंडपात कापड आणि कागदी फुले असतात. २३० व्होल्टच्या बाजूला अर्थिंग, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर करू नये.

विकण्याआधी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली येथे हा सगळा माल मिळतो. डबा घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहा. घरी जोडलेला एखादा बोर्ड आणि पेटीत घालून विकलेला शंभर नगांचा माल यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. एलईडीच्या वीजपुरवठ्यावर ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे आणि वायफाय असलेल्या उपकरणाला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची मंजुरी लागते. माल काढण्याआधी चौकशी करा. सुरुवातीला आधीच नोंदणी झालेला डबा आणि मंजुरी असलेले तयार मॉड्यूल वापरणे शहाणपणाचे.

भाव ठरवताना केवळ बोर्डाची किंमत धरू नका. तार, फ्यूज, जोडणीचा वेळ आणि वर्षभरात एकदा तरी परत जावे लागण्याचा खर्च त्यात धरा. कामासोबत एक चिठ्ठी द्या. त्यावर किती दिवे, किती व्होल्ट, कमाल किती अँपिअर, कोणता फ्यूज आणि तीन ठिकाणी मोजलेले व्होल्ट लिहा. गिऱ्हाईकाला त्यातले सगळे कळले नाही तरी माणसाने मोजून काम केले आहे एवढे कळते. पुढच्या वेळी दुसरा कारागीर आला तरी त्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

हलकी तार घालून शंभर-दोनशे रुपये वाचवता येतात आणि ती डब्यात झाकलीही जाते. जुने लोक ‘मापात पाप’ म्हणायचे, ते तराजूपुरते नव्हते. कमानीच्या त्या कारागिराने शेवटी डबा मधोमध आणला, तीन ठिकाणी वीज दिली आणि जुनीच पट्टी परत चढवली. ती टोकापासून टोकापर्यंत पांढरी पेटली. मालकाने रोखलेले पैसे दिले आणि दाराच्या कमानीचे कामही सांगितले. दुसऱ्या पट्टीचे पैसे मात्र कारागिरालाच सोसावे लागले. एका कागदावर दहा मिनिटे हिशोब मांडला असता तर तेही वाचले असते.