शेवटच्या कपापर्यंत गरम कॉफी

घरी साखरपुडा आहे. २७ पाहुण्यांसाठी तुम्ही सगळे कप एकदम भरून ठेवता आणि कोपऱ्यातल्या आजोबांच्या हाती कोमट कॉफी पडते. असे का होते?

पातेले म्हणजे कपाचेच मोठे रूप समजा. त्यात २७ कप कॉफी मावायला ते कपाच्या तिप्पट उंच व तिप्पट रुंद हवे. त्याचे पृष्ठफळ मात्र ९ पटच होते. २७ कपांचे मिळून २७ पट! उष्णता निसटते ती पृष्ठभागातूनच.

त्यातही खरी चोर म्हणजे वाफ. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते व ती कॉफीतूनच घेतली जाते. १५० ग्रॅम कॉफीतून अवघे ३ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, तरी तापमान जवळजवळ ११ अंश सेल्सिअसने उतरते. झाकण ही चोरी बरीच रोखते. (जायफळाचा वासही टिकतो!)

तेव्हा पातेले झाकून ठेवा, कप गरम पाण्याने विसळा आणि चार-पाचच भरत जा.

शाळेतला तापमापक मिळाला तर दोन कप गरम पाणी घ्या, एकावर बशी झाका. दर पाच मिनिटांनी दोन्हींचे तापमान टिपून आलेख काढा.